नखभर दुखणं

मराठी घरात दुखण्यांचाही मानपान ठरलेला असतो. गुडघे, पित्त, बीपी, शुगर ही मानाची दुखणी. गुडघा दुखतो म्हणालात की समोरचा आधी स्वतःचा गुडघा सांगतो, मग आईचा, मग वाट्या बदललेल्या साडूचा. चहा गार होतो, गुडघे संपत नाहीत. पित्तवाल्याला पंगतीत मागून दोनदा सोलकढी मिळते. मणक्यात गॅप असेल तर प्रवासात खिडकी मिळते. पण ‘माझी नखं हल्ली फार तुटतात हो’ असं सांगून बघा. समोरचा दोन क्षण तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, ‘मग काप की!’

नख तुटलं म्हणून कोणी शहाळं घेऊन भेटायला येत नाही. रजेच्या अर्जावर कारण म्हणून ते लिहिता येत नाही. नवऱ्याला सांगितलं, तर मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, ‘येईल परत.’ नख काय माहेरी गेलंय?

त्यातून ‘नखं’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतात ती लांबसडक, जांभळी, वर खडे चिकटवलेली. माझी तशी नाहीत. माझी नखं कामाची आहेत, म्हणजे होती. टोकाशी त्यांना आडवी चीर जाते, वरचा पापुद्रा सुटतो आणि तो दिवसभर घरातल्या प्रत्येक धाग्याशी ओळख काढत फिरतो. ओढणी, स्वेटर, पायपुसणं, डोक्यावरचे केस. एका मुंजीत तो पैठणीच्या पदरात अडकला. अशा वेळी नख वाचवायचं की जर, हा प्रश्न मला तरी पडला नाही. नख येईल परत.

नखांचा उपयोग काय, हे ती गेल्याशिवाय कळत नाही. संक्रांतीच्या वाणात आलेली स्टीलची वाटी घ्या. तिच्या बरोबर पोटावर एक स्टिकर असतो. तो ज्या डिंकाने चिकटवतात, तो डिंक करणाऱ्यांना आपल्याकडच्या पुलांची कंत्राटं द्यायला हवीत. तर्जनीच्या नखाने कोपरा उचलायचा. कोपरा उचलला जातो. आता अख्खा निघणार, असं वाटतं तेवढ्यात फक्त वरचा चकचकीत थर हातात येतो आणि खालचा पांढरा कागद वाटीशी एकनिष्ठ राहतो. मग तो खरवडायचा. खर्र, खर्र. शेवटी वाटीचा आणि नखाचा पापुद्रा एकाच क्षणी निघतो. वाटीवर कागदाचा बेळगावच्या नकाशाएवढा वादग्रस्त तुकडा राहतोच.

हे झालं स्टिकरचं. सेलोटेपचं टोक शोधणं, लसूण सोलणं, परकराच्या नाडीची निरगाठ, खोकल्याच्या बाटलीचं सील, फोनमधलं सिमकार्ड, संत्र्याच्या देठाकडची पहिली साल, सगळीकडे नखच लागतं. कॅरमच्या पटावर स्ट्रायकरला टिचकी बसते ती नखाची. सारंगीत तर तारेवर बोटाचं टोक ठेवतच नाहीत. नखाच्या मुळाशी तार अडवतात. पंडित राम नारायण आयुष्यभर जे गात राहिले ते गळ्यातून नव्हे, नखाच्या बुडातून. सरोदवाल्यांपैकी अमजद अली खाँसाहेबांच्या घराण्यात डाव्या हाताच्या नखांनीच तारा दाबतात. त्यांचं नख तुटलं तर ‘मग काप की’ म्हणायची कोणाची हिंमत होईल? आणि पाश्चात्त्य पद्धतीची गिटार वाजवणारे तर तुटक्या नखाला टेबल टेनिसच्या चेंडूचा कापलेला तुकडा चिकटवून कार्यक्रम पार पाडतात. हे मी घरी सांगितलं तेव्हा चिरंजीवांनी आपले चेंडू लपवून ठेवले.

दुखण्याला मान नसला तरी सल्ल्यांना तोटा नसतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुठल्याही आजाराचं निदान लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर जाईपर्यंत होतं, आणि ते एकच असतं : कॅल्शियम. दात हलला, कॅल्शियम. पायात गोळा आला, कॅल्शियम. सून उलट बोलली तरी कॅल्शियम कमी पडत असणार. मग नाचणीची आंबील, तीळ, दूध, चघळायच्या गोळ्या. आता गंमत अशी, की नखात कॅल्शियम असतं ते नावाला. हाडं त्याच्यावर उभी असतात, नखं नव्हे. नख बनतं केराटिन नावाच्या प्रथिनाचं, आणि त्या प्रथिनाच्या दोऱ्या एकमेकींना घट्ट बांधून ठेवतो तो गंधक. (जळालेल्या केसांचा आणि नखांचा वास आठवा, गंधकाची साक्ष पटेल.) हे लिफ्टमध्ये सांगून पाहिलं. चौथा मजला आला. बरोबरच्या बाई उतरताना म्हणाल्या, ‘हो का? पण घेत जा हं कॅल्शियम.’

नखावरचे पांढरे ठिपके हा या कॅल्शियमपंथाचा मुख्य पुरावा. आमच्या लहानपणी ते ठिपके बगळे द्यायचे. संध्याकाळी बगळ्यांची रांग उडत निघाली की आम्ही पोरं अंगणात हाताची नखं एकमेकांवर घासत त्यांच्याकडे कवड्या मागायचो, आणि पुढे कधीतरी नखावर पांढरा ठिपका उमटला की बगळा पावला. खरं पाहता ते ठिपके नखाच्या मुळाला कधीतरी बसलेल्या बारीकशा माराचे असतात. दारात बोट चेमटलेलं आपण विसरून जातो, आणि काही आठवड्यांनी ते नखावर उगवून येतं. तेव्हा बगळ्यांचा सिद्धान्त आणि कॅल्शियमचा सिद्धान्त खरेपणाच्या बाबतीत सारखेच. फक्त बगळे फुकट होते.

नखं घासण्यावरून आठवलं. आमच्या बागेत पहाटे काही काका मंडळी दोन्ही हातांची नखं एकमेकांवर करकचून घासत फेऱ्या मारतात. लोकल ट्रेनमध्येही बसायला जागा मिळालेले लोक ते करतात. त्याने डोक्यावर केस उगवतात म्हणे. केसांचं काय होतं ते काकांकडे पाहून ज्याने त्याने ठरवावं. नखांच्या कडांचं काय होत असेल, हे मात्र कोणी विचारात घेतलेलं दिसत नाही.

भाच्याने जिलेटिन सुचवलं. तो जिमला जातो, त्यामुळे त्याला सगळं प्रथिनातच सुचतं. जिलेटिनने नखं बळकट होतात हा समज अमेरिकेत जुना आहे, आणि त्याला भक्कम आधार काही सापडलेला नाही. सासूबाईंनी ‘हे जिलेटिन कशाचं करतात रे?’ असं सहज विचारलं. भाच्याने जनावरांची कातडी आणि हाडं असं प्रामाणिक उत्तर दिलं. तो विषय आणि जिलेटिनची वाटी दोन्ही तिथेच धुऊन पालथी पडली. आजकाल भाचा आला की सासूबाई जेलीकडेही संशयाने बघतात.

मेडिकलवाल्याने बायोटिन काढलं. त्या डबीवर ‘केस, त्वचा, नखं’ अशी त्रिमूर्ती असते. नखांचा नंबर कायम शेवटी. हे ब गटातलं जीवनसत्त्व. त्याची नखांशी सोयरीक जमवली ती पशुवैद्यांनी. घोड्यांच्या आणि डुकरांच्या खुरांना ते लागू पडलं, आणि खूर काय नि नख काय, माल एकच. मग १९९० च्या सुमारास माणसांना रोज अडीच मिलिग्रॅम देऊन पाहिलं, काहींची नखं महिनोन्‌महिने घेतल्यावर जाड झाली. पण हे प्रयोग मूठभर लोकांवरचे. शिवाय बायोटिनची खरी कमतरता सहसा कोणाला होत नाही. ते अंड्यात असतं, शेंगदाण्यात असतं. काकडीच्या कोशिंबिरीपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत सगळीकडे मूठ मूठ दाण्याचं कूट घालणाऱ्या महाराष्ट्रात बायोटिन कमी पडत असेल, तर मग बाकीच्या जगाच्या हाताला नखं असायलाच नकोत.

ह्या बायोटिनची एक खोड मात्र जरूर ठाऊक असावी. रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांमध्ये यंत्राच्या पोटात बायोटिनच्याच चिकटपणाचा उपयोग केलेला असतो. आपल्या रक्तात गोळ्यांचं बायोटिन भरपूर असलं की त्या यंत्राचा गोंधळ उडतो. थायरॉइड नसताना असल्यासारखा दिसतो. हृदयविकाराचा झटका ओळखायची ट्रोपोनिनची तपासणी असते, तीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. म्हणजे नखांसाठी गोळी, गोळीमुळे चुकीचा रिपोर्ट, रिपोर्ट बघून धास्ती, आणि धास्तीने आपण बसलो नखं खात. तपासणीच्या आधी लॅबवाल्याला गोळ्यांचं सांगावं, एवढं केलं तरी पुरे.

शेवटी मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मुरुमांचे आणि केसगळतीचे पेशंट अशा दोन छावण्या होत्या आणि दोन्ही छावण्यांनी माझ्याकडे ‘हिला काय झालंय?’ अशा नजरेने पाहिलं. आत डॉक्टरबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले, नखं तिरकी करून दिव्याखाली धरली आणि विचारलं, ‘घरात पाण्याचं काम कोण करतं?’

मी गडबडले. इतक्या दिवसांत काय खाता, काय लावता, काय घेता, हे सगळ्यांनी विचारलं होतं. काय करता, हे कोणी विचारलं नव्हतं.

मग हिशोब निघाला. सकाळी दुधाचं पातेलं. चहाची भांडी, कारण ती ‘दोनच तर आहेत’. पालेभाजी तीन पाण्यांतून. कणीक. तांदूळ. मध्येच कोणाचा तरी डबा, जो काल दप्तरातच राहिला. मावशी सकाळी येतात, संध्याकाळची भांडी आपलीच. आणि श्रावण असला तर वाल. बिरड्याच्या वालांची कहाणी ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळेल. भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीच्या नखांत धरून असा दाबायचा, की साल इकडे आणि डाळिंबी तिकडे टुणकन उडाली पाहिजे. किलोभर वालांत किती दाणे असतात ते मोजायच्या भानगडीत कोणी पडू नये. खाणारा माणूस पाच मिनिटांत वाटी संपवतो आणि म्हणतो, ‘मीठ जरा कमी आहे.’

डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘हेच ते.’ नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं, पण त्यात मेलेल्या पेशींचे थरावर थर रचलेले असतात. नख पाणी पितं, कातडीपेक्षा जास्त झपाट्याने. प्यायलं की फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसातून असंख्य वेळा फुगायचं आणि आकसायचं, वर साबणाने उरलंसुरलं तेल ओढून न्यायचं, मग थर एकमेकांना सोडू लागतात. पुरुषांपेक्षा बायकांत हे जास्त. ‘आणि बरं का,’ त्या म्हणाल्या, ‘कडक नख म्हणजे मजबूत नख नव्हे. नखाला वाकता आलं पाहिजे. नुसतं कडक असलं की मोडतं.’ सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्यांना हे वाक्य आपल्याला उद्देशून आहे असं उगीचच वाटलं.

बाजारात नखं कडक करायची जी लोशनं मिळतात, त्यांची गोम हीच. काहींत फॉर्मल्डिहाइड असतं. आधी नख छान टणक होतं, आणि वापर चालूच ठेवला तर ठिसूळ होऊन आणखी तुटतं. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोनही नख कोरडं करतं.

औषध काय दिलं? इथेच आमच्या घराची निराशा झाली. घरी सुती हातमोजे आणि वरून रबरी हातमोजे घालून भांडी घासा. हात धुतले की प्रत्येक वेळी नखांना खोबरेल नाहीतर व्हॅसलीन चोळा. नखं आखूड ठेवा, अंघोळीनंतर मऊ असताना कापा, कानस एकाच दिशेने फिरवा, करवतीसारखी मागेपुढे नको. स्क्रू फिरवायला आणि स्टिकर काढायला नख वापरू नका. आणि सहा महिने थांबा. बास. गोळी नाही, इंजेक्शन नाही, सोनोग्राफी नाही. ‘एवढी फी घेतली आणि खोबरेल सांगितलं!’ सासूबाई रिक्षात बसल्यापासून म्हणत होत्या. ‘ते तर मीही सांगितलं असतं.’ सांगितलं नव्हतं, हा मुद्दा मी रिक्षात काढला नाही.

तपासण्या मात्र दोन लिहून दिल्या, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. रक्तात लोह कमी झालं की नखं पातळ होतात, फार कमी झालं तर मधोमध खोलगट. पाण्याचा थेंब वर ठेवला तर तो तिथेच बसून राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्त कमी आढळलं, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांच्या वर. म्हणजे लिफ्टमध्ये दोघीजणी असतील तर एकीला तरी कॅल्शियमऐवजी लोह सांगायला हवं. हळिवाचे लाडू त्यासाठीच. पण आपल्याकडे बाळंतपण झालं की हळीव डब्यात जातो तो पुढच्या बाळंतपणापर्यंत, आणि लोहाची गोळी घेतली तर ती चहाबरोबर, म्हणजे चहाने तिला आतल्या आत अडवून धरावं. लिंबू पिळून घेतलं असतं तर उलट मदत झाली असती.

नखं आखूड ठेवायची हे ठरलं, पण कापायची कधी? आमच्या घरात शनिवारी नखं काढत नाहीत. अमावास्येला नाहीत. वाढदिवसाला नाहीत. रात्री तर नाहीतच. सोमवारी सासूबाईंचा उपास, म्हणून त्यांच्यासमोर नाहीत. जुन्या काळी न्हावी नराणी घेऊन अंगणात यायचा. कंदिलाच्या उजेडात बोट कापू नये म्हणून रात्रीची बंदी असणार, असं मी एकदा म्हणाले. सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. ‘तिन्हीसांजेची वेळ, घराचा उंबरा आणि नखं, हे तिन्ही एकत्र आलं तेव्हा कोणाचं पोट फाटलं, ते आठवतंय ना?’ आता हिरण्यकश्यपूनंतर माझ्याकडे बोलण्यासारखं काय उरणार? मी नेलकटर ठेवून दिला.

सहा महिने थांबा म्हणजे काय, याचा अंदाज यावा म्हणून सांगते. नखाचा जिवंत भाग कातडीखाली, मुळाशी असतो. आपण बघतो, रंगवतो, चावतो ते सगळं केव्हाच मेलेलं. तुटक्या टोकाला दूध पाजा नाहीतर बदाम, त्याला कळणार नाही. चांगलं नख मुळातून यायचं आणि ते महिन्याला साधारण तीन मिलिमीटरने पुढे सरकायचं. पायाची नखं त्याहूनही रेंगाळणारी, वर्ष-दीड वर्ष घेतात. पुढे आयोवा विद्यापीठात गेलेले डॉक्टर विल्यम बीन यांनी १९४१ साली आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी एक खूण केली आणि ती टोकाला किती दिवसांत पोचते ते मोजलं. मग दुसरी खूण. मग तिसरी. असे ते पस्तीस वर्षं एक अंगठा मोजत बसले. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. वयाबरोबर नखंही पेन्शनीत निघतात, हा निष्कर्ष. त्यांच्या घरची मंडळी या काळात काय म्हणत होती, त्याची नोंद शोधनिबंधात नाही.

हाच प्रयोग आपण सगळे फुकटात करतो. मतदानाच्या दिवशी. ती शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली, १९६२ च्या निवडणुकीपासूनची. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरची खूण काही आठवड्यांत झिजते, पण नखावरची हलत नाही. ती नखाबरोबर चालत जाते. मुंबई, ठाणे, कल्याण इकडच्या आम्हा लोकांचं लोकसभेचं मतदान २० मे २०२४ ला झालं आणि विधानसभेचं बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला. खासदार निवडल्याची शाई मुळापासून सरकत सरकत टोकाला आली, शेवटची काळी कोर नेलकटरने उडाली, आणि कोऱ्या नखाने आम्ही आमदार निवडायला रांगेत उभे राहिलो. एवढ्या वेळात राजकारणात कोण कुठून कुठे सरकलं, ते मोजायला डॉक्टर बीनही कमी पडले असते.

नखं टिकवायची तर काय लागतं, याचं उत्तर पुण्याने जगाला केव्हाच दिलेलं आहे. श्रीधर चिल्लाळ शाळेत असताना त्यांचा धक्का लागून एका शिक्षकांचं वाढवलेलं नख तुटलं. शिक्षकांनी चोपलं आणि वर ऐकवलं, की नख जपायला काय लागतं ते तुला कधी कळायचं नाही. हे वाक्य पुण्यात बोलायला नको होतं. चिल्लाळांनी १९५२ साली डाव्या हाताची नखं कापणं बंद केलं ते २०१८ पर्यंत. सहासष्ट वर्षं! शिक्षकांचा एक टोमणा खोडून काढायला. न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात ती कापली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली. एकटा अंगठा १९७.८. (१९५२ सालीच टाटांनी लॅक्मे सुरू केली. नखांच्या इतिहासात वर्ष मोठं गर्दीचं दिसतं.) उजव्या हाताची नखं मात्र ते कापत राहिले, कारण त्या हाताने कॅमेरा चालवायचा होता, पोट भरायचं होतं. डावा हात फक्त नखं सांभाळायला ठेवलेला, आणि त्यापायी तो हात कायमचा निकामी झाला.

मला यातला उजवा हात महत्त्वाचा वाटतो. ज्या हाताला काम आहे त्याला नखं नाहीत. चीनच्या राजमाता त्सशी यांचे जुने फोटो आहेत, करंगळी आणि अनामिकेच्या नखांवर वीतभर लांबीची नक्षीदार टोपणं चढवलेली. त्यांनी कॅल्शियम घेतलं असेल-नसेल, वाल सोलले नसणार हे नक्की. जगातली तमाम चूर्णं, तेलं आणि डब्या एका बाजूला, आणि ‘हात पाण्यातून बाहेर काढा’ हे एका बाजूला. पहिली बाजू सगळ्यांना चालते. दुसरी कोणालाच परवडत नाही.

तरी प्रयत्न केला. रबरी हातमोजे आणले, दुकानात होते ते भडक गुलाबी. एक जोड आमच्या मावशींनाही दिला. त्या सहा घरची भांडी करतात, त्यांच्या नखांचं कोणी कधी लिफ्टमध्ये विचारलेलं नाही. त्यांनी तो जोड घालून एक पातेलं घासलं, पाण्याखाली धरलं, बोटांनी चाचपलं आणि काढून ठेवला. ‘ताई, ह्यात तेल सुटलं का ऱ्हायलं, कायबी कळत नाय. आन भांडं चिकट ऱ्हायलं तर तुमीच मागारी टाकणार.’ यावर काय बोलणार? त्या मागे टाकलेल्या भांड्यांमध्ये माझीही होतीच. तो जोड आता त्यांच्या मुलीने होळीला रंग कालवायला ठेवलाय.

मग नवऱ्याने घोषणा केली, ‘संध्याकाळची भांडी आजपासून माझी.’ घोषणा कुटुंबाच्या ग्रुपवरही झाली. तिला सत्तावीस अंगठे आले. काम सुरू झालं तसं आमच्या घरात एक नवं खातं उघडलं गेलं, त्याचं नाव ‘भिजत’. ‘कढई?’ ‘भिजत घातलीय.’ ‘पोळपाट?’ ‘तोही.’ ‘तो लाकडी आहे!’ ‘म्हणूनच.’ आमच्याकडची कढई सोमवारी भिजत पडते ती बुधवारी आंबून वर येते. आणि प्रत्येक भांडं पुसून झालं की ‘हे कुठे ठेवायचं?’ हा प्रश्न, ज्या घरात तो गेली वीस वर्षं त्याच डब्यातून चिवडा शोधून खातोय त्या घरात.

पण घासतो, हे खरं. नेटाने घासतो. आणि एके दिवशी तारेच्या घासणीत अडकून त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कोपऱ्यातून गेलं. रक्त नाही, काही नाही. माझी नखं वर्षभर तुटत होती तेव्हा घर शांत होतं. आता सासूबाईंनी हळद-तूप आणलं. धाकट्या दिरांचा सोलापूरहून फोन आला. शेजारच्या काकांनी त्यांना सैन्यात असताना झालेलं नखाचं दुखणं सांगितलं, मग त्यांच्या भावाचं. चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी खरोखरच शहाळं आणलं. ते मी प्यायले.

आता माझ्या नखांचं म्हणाल तर मुळाकडचा अर्धा भाग गुळगुळीत, गुलाबी आणि टोकाकडचा जुना, फाटका. मध्ये सरहद्द स्पष्ट दिसते. परवा नणंद आली, तिने माझा हात खिडकीपाशी नेऊन पाहिला. ‘अय्या वहिनी, काय सुरेख येतायत गं! काय केलंस?’

‘काही नाही. संध्याकाळची भांडी तुझा दादा घासतो.’

ती हसली. मी हसले नाही, तेव्हा थांबली. मग आपल्या हाताकडे बघितलं. तिचीही नखं टोकाशी फाटलेली. बाहेर हॉलमध्ये तिचा नवरा टीव्हीसमोर पाय पसरून ‘चहा झाला का?’ विचारत होता. तिने थोडा विचार केला, आवाज खाली आणला आणि म्हणाली,

‘ते असू दे गं. कॅल्शियम कुठलं घेतेस ते सांग.’